कंट्रोलरांचा युरोप

महाडला मी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्नाचंही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : "मोबाइल किती टक्क्यांवर आला की चार्जिंगला लावता?"

मी खरं सांगितलं. "बंद पडला की."

परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे मी जसा बघतो, तसे ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोली देतो, मास्तर. पण पाण्याची मोटर तुम्ही लावायची नाय. ती मी लावीन."

पुढची पाच वर्षं मी त्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो, शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं आणि मोटरच्या बटणाला हात लावला नाही.

घरमालक बस डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं, आणि निवृत्तीनंतरही म्हणायचं. मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाचे. आंबेनळी घाटातलं कुठलं वळण गाडीला किती दमवतं, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला कुठलीच गाडी चालवता येत नव्हती. एक सायकल होती, तीही ते बहुतेक वेळा हातात धरून चालत न्यायचे. परदेश सोडाच, विमानतळसुद्धा त्यांनी आतून पाहिला नव्हता. आणि असा हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून युरोपातल्या विजेवरच्या गाडीचे थांबे ठरवत असे.

गाडी एकच होती. म्युनिकजवळ राहणाऱ्या त्यांच्या लेकीची. पण तयारी अख्ख्या डेपोची.

भिंतीवर युरोपचा नकाशा होता. कुठल्याशा शाळेने अडगळीत टाकलेला, तो त्यांनी मागून आणलेला. त्यात युगोस्लाव्हिया अजून एकत्र नांदत होता. लेक क्रोएशियाला जायचं म्हणाली तेव्हा हे अर्धा तास भिंग घेऊन तो देश शोधत बसले. मग मी खरं काय ते सांगितल्यावर त्यांनी लाल बॉलपेनने त्या देशाची फाळणी केली. "एवढं सगळं झालं आणि नकाशावाल्यांनी कळवलं नाय," असं म्हणाले, जणू कुणी मार्ग बदलला आणि डेपोला पत्र पाठवायला विसरलं.

टॅबलेटवर चार्जिंगच्या खांबांची माहिती देणारं एक ॲप होतं. तिथे लोक आपले अनुभव लिहीत. ते सगळं भाषांतर करून घेऊन कंट्रोलर तक्रारवही वाचावी तसं वाचायचे. त्यामुळे दक्षिण जर्मनीतली शौचालयं त्यांना महाडमधल्यापेक्षा जास्त माहीत होती. "इथे कॉफी वाईट, पण बाथरूम चकाचक," असं ते अशा खात्रीने सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, कालच जाऊन आले.

त्यांचे काही नियम होते. घाटाच्या पायथ्याशी गाडी तीस टक्क्यांच्या खाली येता कामा नये. एकच खांब असलेल्या ठिकाणी थांबा द्यायचा नाही. गाडी जेवेल तेव्हा माणसांनीही जेवून घ्यायचं. सुरुवातीला ते प्रत्येक थांब्यावर बॅटरी शंभर टक्के भरायला लावायचे. ऐंशीच्या पुढे चार्जिंग फार हळू होतं, त्यात वेळ जातो, हे मी त्यांना विज्ञानाच्या भाषेत दोनदा समजावलं. पटलं नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, "रिकामी बस स्टँडला लागली की माणसं धडाधड चढतात. पण शेवटच्या दहाजणांना जागा शोधत बसायला वेळ लागतो की नाही?"

"मग आधी असं सांगायचं ना," ते म्हणाले, आणि सगळे कागद पुन्हा लिहायला घेतले.

खर्चाच्या बाबतीत मात्र त्यांना युरोप कधीच समजला नाही. खांब एक, वीज एक, आणि भाव तीन! कुणाचं कार्ड लावता त्यावर भाव. महिन्याची वर्गणी भरली असेल तर वेगळा, नसेल तर वेगळा. हायवेवर महाग, आतल्या गावात स्वस्त. वर गाडी भरल्यानंतर तिथेच उभी ठेवली तर मिनिटावर दंड. "आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसा नायतर मागच्या, तिकीट एकच," ते म्हणायचे. "आणि ह्यांना आपण पुढारलेले म्हणतो." दंडाची कल्पना तेवढी त्यांना आवडली होती. ती महाडच्या स्टँडसमोर उभ्या राहणाऱ्या रिक्षांना लावावी, असं त्यांचं मत होतं.

कागद पाहण्यासारखा असे. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, थांबा पंचवीस मिनिटं, बॅटरी इतके टक्के, युनिटचा दर, चहा, लघवी, पुढचा थांबा, तो बंद असल्यास पर्यायी थांबा. सगळं सुवाच्य मराठीत. वर डाव्या कोपऱ्यात : प्रवासी, एक. चालक, एक.

चालक म्हणजे जावई. त्याचं नाव त्या घरात कंट्रोलरांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "चालकाला सांग, बोगद्यात वेग कमी ठेव." "चालकाला झोप पुरते का?" फोनवर ते लेकीशी बोलायचे ते एवढंच.

ही काय भानगड आहे ते मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे कंट्रोलरांच्या पत्नी. त्या बोलायला स्पष्ट होत्या आणि त्यांना ऐकायला कुणीतरी हवं होतं.

मुलगा दासगावचा, बौद्ध. दोघं पुण्यात एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात होती. लेकीने घरी सांगितलं तेव्हा कंट्रोलरांनी आरडाओरडा केला नाही. हात उगारला नाही. ते फक्त म्हणाले, "ह्या मार्गावर आपली गाडी नाय," आणि बोलणं बंद केलं. लग्न पुण्याला रजिस्टर पद्धतीने झालं. काकू एकट्या गेल्या. मुलं नंतर जर्मनीला गेली. दोन वर्षं बाप-लेकीत एक शब्द नाही.

"आणि गंमत बघा मास्तर," काकू म्हणाल्या, "दर मार्चला चवदार तळ्याला लोक यायचे ना, तेव्हा जादा गाड्यांचं सगळं हेच बघायचे. तीन-तीन दिवस घरी यायचे नाहीत. एक माणूस स्टँडवर मागे राहू दिला नाही, म्हणून अजून सांगतात. हजारो माणसं घरोघर पोचवली. एकाला घरात घेता आलं नाही."

त्या हे कंट्रोलरांना ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या. पलीकडच्या खोलीत टॅबलेटवर कुणा जर्मन माणसाची तक्रार मराठीत वाचली जात होती, ती मध्येच थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

अबोला सुटला तोही घाटामुळे. काकू रोज लेकीशी फोनवर बोलायच्या तेव्हा कंट्रोलर पाठ करून पडवीत बसायचे. एकदा फोन स्पीकरवर होता. लेक सांगत होती की नवी गाडी घेतली, विजेवरची, आणि सुट्टीत तीच घेऊन इटलीला जाणार आहोत, वाटेत तीनदा चार्ज करावी लागेल. पडवीतून आवाज आला, "घाट कुठला लागतो ते विचार."

काकूंच्या हातातला फोन पडायचा राहिला.  मग लेकीने सांगितलं, "ब्रेनर, बाबा."

"चढ किती किलोमीटर?"

एवढ्यावर सुरू झालं. मी राहायला गेलो तोवर त्या गोष्टीला काही महिने झाले होते आणि पहिल्या प्रवासाचा कागद फ्रेम करायचा की नाही यावर घरात वाद चालू होता.

चार वर्षांत त्यांनी नऊ-दहा प्रवास आखले. डेन्मार्क, हॉलंड, क्रोएशिया, इटली दोनदा. प्रत्येक प्रवासानंतर लेकीचा फोन यायचा. "बाबा, सगळं वेळापत्रकाप्रमाणे झालं." त्या दिवशी कंट्रोलर संध्याकाळी बाजारातून चक्कर मारून यायचे, सायकल हातात धरून, आणि भेटेल त्याला सांगायचे, "आपली गाडी पोचली." ऐकणारा विचारायचा, "कुठली, बोरिवली?"

मला एक शंका होती. माझ्या वाचनात आलं होतं की अशा गाड्या थांबे स्वतःच ठरवतात. कुठे किती वेळ चार्ज करायचं ते पडद्यावर दाखवतात, बोलूनही सांगतात. एकदा मी हे कंट्रोलरांसमोर काढलं. ते म्हणाले, "गाडीला घाटातलं काय कळतं?" मी विषय सोडून दिला. मला वाटायचं की पोरं कागद बघून हसत असतील, ठेवून देत असतील, आणि गाडी सांगेल तसं जाऊन बापाला बरं वाटावं म्हणून फोन करत असतील. माझी खात्रीच होती म्हणा ना.

मग ती डिसेंबरची सुट्टी आली. लेकीला पाचवा महिना होता. फार लांब नको, म्हणून इटलीच्या उत्तरेला डोंगरातल्या एका गावी चार दिवस जायचं ठरलं. कंट्रोलरांनी या खेपेला आठवडाभर डोकं घातलं. हायवेवरचा खांब महाग होता. आत सहा किलोमीटरवर एका गावात हॉटेलच्या आवारात स्वस्त खांब होते, दोन. अभिप्राय चांगले. हॉटेलात गरम सूप मिळतं असं कुणीतरी लिहिलं होतं. गरोदर लेकीला थंडीत सूप मिळेल, म्हणून थांबा तिथे दिला. मला दाखवलाही. मी म्हटलं, छान आहे.

रविवारी दुपारी जेवणं झाली होती. मी खाली भाड्याच्या पावतीवर सही घ्यायला गेलो होतो, तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. कंट्रोलरांनी चष्मा लावला, कागद समोर ओढला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "शेवटच्या थांब्याला पोचलात तेव्हा किती टक्के होते?"

"सहा," ती म्हणाली.

"सहा कसे? मी बत्तीस दिलेत."

आणि मग ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही. ते हॉटेल हिवाळ्यात बंद असतं. फाटकाला कुलूप, खांब आत, वर बर्फ. पर्यायी थांबा घाटाच्या पलीकडे, आणि रस्ता बर्फामुळे अडवलेला. थंडीने बॅटरी उतरत गेली. हीटर बंद करून दोघं गाडीत बसली. शेवटी तो चालत गेला आणि एका शेतकऱ्याचं घर शोधून आला. त्या माणसाने गोठ्यातल्या साध्या प्लगवर गाडी लावू दिली. पाच तास त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो, बाबा, असं ती म्हणाली.

कंट्रोलर कागदाकडे बघत होते. "तुला काय त्रास?"

"मी ठीक आहे. डॉक्टरांना दाखवलं."

"चालकाने बघायला पाहिजे होतं आधी," ते म्हणाले. सवयीने म्हणाले असतील. पण म्हणाले.

तेव्हा मात्र तिचा आवाज बदलला. "बाबा, गाडी सांगत होती. हायवेवरच थांबा म्हणून तीनदा सांगितलं तिने. ती पहिल्या दिवसापासून सांगते. तुमच्या कागदाशिवाय आम्ही प्रत्येक वेळी तासभर आधी पोचलो असतो. मी म्हणते, गाडी सांगते तसं जाऊ. हा ऐकत नाही. म्हणतो, बाबांनी बसून लिहिलंय, त्याप्रमाणे जायचं. चार वर्षं झाली. दर वेळेला. आणि तुम्ही त्याला चालक म्हणता."

काकू दारात येऊन उभ्या होत्या.  मागे पडद्यावर तो दिसला, हातात कप घेऊन. आपल्याबद्दल चाललंय हे लक्षात येताच तो बाजूला झाला.

कंट्रोलरांनी फोन काकूंकडे दिला आणि ते आत गेले. मीही पावती न घेताच वर गेलो. खरं सांगायचं तर मलाही लाज वाटत होती. त्या मुलाला मी कधी भेटलो नव्हतो, आणि चार वर्षं मनात त्याला हसणारा ठरवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी आलो तर कंट्रोलर पायऱ्यांवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. "मास्तर, दासगावला यायचंय का?"

महाड ते दासगाव म्हणजे रिक्षेने वीस मिनिटं. दोन हजार किलोमीटरचे मार्ग आखणाऱ्या माणसाला या रस्त्याचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं, असं नाही. त्या मार्गावरच्या गाड्या त्यांनी तीस वर्षं सोडल्या होत्या. सगळ्या रस्त्यात ते एकच वाक्य बोलले. "त्यांना कळवलं नाय आपण येतोय म्हणून."

व्याही तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. पत्नी वारलेली, घरात एकटेच. दार उघडून त्यांनी आम्हाला पाहिलं आणि ओळख विचारली नाही. "या," म्हणाले.

आम्ही बसलो. त्यांनी पाणी आणलं. कंट्रोलरांनी ग्लास उचलला, संपवला, रिकामा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "अजून द्या."

व्याह्यांनी दुसरा ग्लास दिला. मग कपाटातून एक फाइल काढून टेबलावर ठेवली. आत कंट्रोलरांचे सगळे कागद. मुलगा दर वेळी फोटो पाठवायचा, हे बाजारात जाऊन छापून आणायचे, भोकं पाडून दोऱ्याने बांधायचे. समासात हिरव्या शाईने शेरे होते.

"हे तुमचं हॉलंड," ते म्हणाले. "इथे थांबा नदीच्या चुकीच्या काठाला दिलाय. पूल नव्हता. मुलगा सतरा किलोमीटर उलटा गेला."

कंट्रोलर कागदावर वाकले. "मला सांगितलं नाय कुणी."

"मीच म्हटलं त्याला, सांगू नको."

"सांगायला पाहिजे होतं."

"कोणी? आपलं बोलणं होतं का?"

हे त्यांनी शांतपणे विचारलं, कचेरीत अर्जातली एखादी त्रुटी दाखवावी तसं. कंट्रोलरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नव्हतं," ते म्हणाले. "ती चूक माझी. आमचे जावई चांगले आहेत. तुम्ही चांगलं वाढवलंत."

 व्याही फाइलचा दोरा बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "लग्नाच्या दिवशी मी पुण्याला दारात उभा होतो. तुमची गाडी उशिरा येत असेल, असं वाटत होतं."

 अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. निघताना कंट्रोलरांनी विचारलं, फाइल दोन दिवस मिळेल का, शेरे उतरवून घेतो. व्याही म्हणाले, "फाइल देता येणार नाही. इथे येऊन बघा."

म्हणून ते जायला लागले. दर सोमवारी. मार्चमध्ये मीही एकदा गेलो होतो, तेव्हा दोघांत जोरात वाद चालला होता. बाळाला घेऊन प्रवास करताना थांबा दीड तासाने द्यावा की दोन तासांनी, यावर. बाळ यायला अजून महिना होता.

मुलगी झाली. बाळंतपणाला काकू आधी गेल्या. कंट्रोलर आणि व्याही उन्हाळ्यात गेले. महाड ते विमानतळ हा मार्ग दोघांनी मिळून आखला होता, त्यात तीन पर्यायी रस्ते होते, आणि विमान सुटायच्या नऊ तास आधी ते दारात हजर होते. आत सोडेनात, म्हणून बाहेर बसून दोघांनी डबा खाल्ला, असं मला नंतर कळलं.

तोपर्यंत माझी बदली पनवेलला झाली होती. जुलैत एकदा लेकीचा फोन आला. बाबांना इटलीला घेऊन गेलो होतो, त्याच रस्त्याने, असं तिने सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाले मग घाट बघून?

"काही नाही, सर," ती म्हणाली. "पुढच्या सीटवर बसवलं होतं. मांडीवर कागद, हातात पेन. निघून अर्धा तास झाला नसेल, झोपले. सासरे मागे टक्क जागे, प्रत्येक थांब्याची वेळ लिहून घेत होते. बाबा मात्र तिन्ही थांब्यांना उठले नाहीत. ब्रेनर गेला, तेही कळलं नाही."

"उठवायचं नाही का?"

"मी उठवत होते. हाच नको म्हणाला. गाडी मध्येमध्ये बोलते ना, पुढे थांबा म्हणून, तर त्याने तिचाही आवाज बंद करून टाकला."